टिप बदलली का?

एम.एस्सी. झालेल्या मुलीला नोकरीच्या पहिल्या दिवशी पाण्याचे थेंब तोलायला बसवलं तर तिला राग येणारच. मला आला. कॉलेजात दोन वर्षं पिपेट, म्हणजे द्रव मोजून उचलायचं साधन, हातात धरून काढली होती, आणि इथे तराजूवर इवलीशी कुपी ठेवून सांगितलं गेलं, "दहा मायक्रोलिटर पाणी घे, सोड, वजन लिही. असं दहा वेळा." दहा मायक्रोलिटर पाणी दहा मिलिग्रॅम भरायला हवं. माझं पहिलं भरलं ९.१, दुसरं १०.६. शेजारी उभे असलेले दादा, माझे सीनियर, एवढंच म्हणाले, "अंगठा सावकाश." संध्याकाळी अंगठा ठणकत होता. आकडे जागेवर यायला चार दिवस लागले.

आमची लॅब पुण्याबाहेरच्या एका एमआयडीसीत आहे. आम्ही लस बनवत नाही. लस बनवणारे त्यांच्या चाचण्या घेतात, ज्यांना लस टोचली त्यांच्या रक्तातलं सीरम, म्हणजे रक्त साकळल्यावर वेगळा होणारा पातळ भाग, गोठवून आमच्याकडे येतं, आणि आम्ही प्रत्येक नळीमागे एक आकडा देतो. कॉन्ट्रॅक्ट लॅब म्हणतात ती हीच. आईला हे समजावताना माझी दरवेळी पंचाईत होते. एकदा म्हटलं, "लस टोचल्यावर रक्तात जे तयार होतं, ते जंतूला खरंच मारतं का ते मी बघते."

"आणि नाही मारलं तर?"

"तर तसं लिहिते."

आईला हे फार मोठं काम वाटलं नाही.

मला ज्या चाचणीवर घेतलं होतं तिचं नाव सीरम बॅक्टेरिसायडल ॲसे, आमच्या बोलण्यात नुसतं एसबीए. जंतू मेनिंगोकॉकस, म्हणजे मेंदूच्या आवरणाला सूज आणणारा. त्याला हात लावण्याआधी मला स्वतःला त्याची लस घ्यावी लागली आणि महिनाभर थांबावं लागलं. त्या महिन्यात मी वाचत बसले. वाचताना कळलं की ज्या चाचणीकडे मी एक किचकट हातकाम म्हणून बघत होते, तिच्या आकड्यावर केवढं काय काय उभं आहे.

१९६९ साली अमेरिकन लष्करातल्या नव्या भरतीच्या जवानांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. भरती होतानाच त्यांचं रक्त काढून ठेवलं होतं. पुढे ज्या ५४ जणांना हा आजार झाला, त्यांच्यापैकी फक्त तिघांच्या सीरममध्ये साथीच्या जंतूला मारण्याची पुरेशी ताकद आधीपासून होती. जे निरोगी राहिले त्यांच्यात मात्र शंभरातल्या ऐंशीहून जास्त जणांकडे ती होती. म्हणजे माणूस आजारी पडायची वाट न बघता, त्याच्या रक्ताला काचेच्या भांड्यात जंतूसमोर उभं करून अंदाज बांधता येतो. त्यानंतर या जंतूवरच्या बहुतेक लशी या चाचणीच्या जोरावरच मान्य होत आल्या आहेत. पुण्यात हे सांगायचं म्हणजे घरचीच गोष्ट. आफ्रिकेत सेनेगलपासून इथियोपियापर्यंत जो 'मेनिंजायटिस पट्टा' आहे, तिथे कोरड्या दिवसांत धुळीचे वारे सुटले की हा आजार उसळायचा. १९९६-९७ च्या साथीत अडीच लाखांच्या आसपास लोक आजारी पडले, पंचवीस हजार गेले. त्या पट्ट्यासाठी 'अ' गटाच्या जंतूवरची मेनआफ्रिव्हॅक ही लस पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये तयार झाली, अर्ध्या डॉलरच्या आत किंमत ठेवून, आणि डिसेंबर २०१० मध्ये बुर्किना फासोपासून ती टोचायला सुरुवात झाली. २०१७ नंतर त्या पट्ट्यात 'अ' गटाचा एकही रुग्ण खात्रीने सापडलेला नाही. तिथूनच पुढे पाच गटांवरची मेनफाइव्ह आली. माली आणि गांबियात तिची चाचणी झाली तेव्हा कोण आजारी पडतं याची वाट कोणी बघितली नाही. लस घेतलेल्यांचं सीरम जंतूला किती मारतं हेच मोजलं. २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेची मान्यता, २०२४ मध्ये नायजेरियात वापर.

त्या कामाशी आमच्या लॅबचा काही संबंध नाही, हे सांगून टाकते. पण मी शिकत होते ती चाचणी तीच.

चाचणी कशी चालते ते थोडं सांगावं लागेल, नाहीतर पुढची भानगड कळणार नाही. सीरम आधी ५६ अंशांवर अर्धा तास तापवायचं, म्हणजे त्यातलं स्वतःचं कॉम्प्लिमेंट निकामी होतं. कॉम्प्लिमेंट म्हणजे रक्तातली प्रथिनांची ती फौज, जी अँटिबॉडीने बोट दाखवलं की जंतूला भोक पाडते. प्रत्येक माणसाचं कॉम्प्लिमेंट वेगळं, म्हणून ते काढून टाकायचं आणि सगळ्यांना एकाच ठिकाणचं द्यायचं. आमच्याकडे ते सशाच्या तीन-चार आठवड्यांच्या पिल्लांचं असतं. मग ९६ घरांची प्लेट. एका ओळीत एक सीरम, अशी आठ सीरम. सीरम घरागणिक पातळ करत न्यायचं (याला डायल्यूशन म्हणतात): पहिल्या घरात १:४, दुसऱ्यात त्याच्या निम्मं म्हणजे १:८, मग १:१६, असं दहाव्या घरापर्यंत १:२०४८. शेवटची दोन घरं कंट्रोलची, म्हणजे तुलनेसाठी. प्रत्येक घरात जंतू घालायचे, कॉम्प्लिमेंट घालायचं, ३७ अंशांवर तासभर ठेवायचं. नंतर प्रत्येक घरातले दहा मायक्रोलिटर चौकोनी आगर प्लेटच्या (आगर म्हणजे जंतू वाढवायची जेली) वरच्या कडेला सोडून प्लेट तिरकी करायची. थेंब ओघळत खाली येतो, एकेका घराची एकेक रेघ. रात्रभर इन्क्युबेटर. सकाळी त्या रेघेवर जिवंत राहिलेल्या जंतूंच्या कॉलन्या मोजायच्या. ज्या शेवटच्या घरात कंट्रोलच्या तुलनेत निम्मे किंवा त्याहून जास्त जंतू मेले, ते त्या सीरमचं टायटर.

हे सगळं घड्याळाशी बांधलेलं. जंतू सकाळी नव्या ब्लड आगरवर लावून बरोबर चार तासांचे कोवळे घ्यायचे. कॉम्प्लिमेंट उणे ऐंशी अंशांच्या फ्रीजरमधून काढलं की बर्फावरच वितळवायचं आणि एकदा वितळलं की परत गोठवायचं नाही. या कॉम्प्लिमेंटने आम्हाला आधीच छळलं होतं. काही लॉट इतके तापट निघतात की अँटिबॉडी नसतानाही जंतू मारून टाकतात. असा लॉट चाचणीला बिनकामाचा. पाच नमुने मागवले, चार नापास झाले, एक चालला. त्या एका लॉटच्या जेवढ्या नळ्या मिळाल्या तेवढ्या आम्ही घेऊन ठेवल्या. हे लक्षात ठेवा.

मोजणं हा या कामाचा सगळ्यात कठीण भाग आहे असं मला तेव्हा वाटायचं. समजा कंट्रोलमध्ये १०४ कॉलन्या आहेत. निम्म्या म्हणजे ५२. एका सीरमच्या आठव्या रेघेवर मी मोजल्या ५३. त्यातल्या दोन एकमेकींना चिकटलेल्या, राखाडी, ओलसर, दहीभातावर पडलेल्या दोन थेंबांसारख्या मिसळलेल्या. एक धरली तर ५२, टायटर ५१२. दोन धरल्या तर ५३, टायटर २५६. सगळा हिशेब त्या एका चिकट ठिपक्यावर. एसओपीत, म्हणजे आमच्या लेखी कार्यपद्धतीत, लिहिलंय, दोन मध्यबिंदू वेगळे दिसले तर दोन धराव्यात. भिंग लावलं, दिसले, ५३ लिहिलं. नळीवर फक्त क्रमांक असतो, लस कोणती, टोचण्याआधीचं रक्त की नंतरचं, काही कळत नाही, हे किती बरं आहे ते अशा वेळी समजतं. मन आपोआप चांगल्या आकड्याकडे झुकतं. त्याला चांगला आकडा कोणता हेच माहीत नसेल तर ते झुकणार कुठे?

एकदा मी ३८ च्या ८ वरच गिरवून ९ केला. चूक खरी होती, दुरुस्तीही खरी होती. पण क्यूएतल्या, म्हणजे गुणवत्ता विभागातल्या, ताईंनी ते पान माझ्यासमोर ठेवून विचारलं, "इथे आधी काय होतं?" मी सांगितलं. त्या म्हणाल्या, "तू सांगतेस. पान सांगत नाही." एक आडवी रेघ, खालचं वाचता येईल अशी, शेजारी नवा आकडा, सही, तारीख, कारण. हे मी कॉलेजात ऐकलेलं होतं, हाताला लागलेलं नव्हतं. त्या ताई मला तेव्हा अजिबात आवडायच्या नाहीत.

आता मुख्य गोष्ट. स्पॉन्सरचे, म्हणजे काम देणाऱ्या लस कंपनीचे, खरे नमुने हातात घेण्याआधी पद्धतीचं व्हॅलिडेशन व्हावं लागतं. तेच सीरम, वेगवेगळे दिवस, वेगवेगळे हात, तरी उत्तर तेच येतं हे दाखवायचं. हात दोन: दादा आणि मी. दादा हे काम दहा वर्षं करत होते, माझा पाचवा महिना. मान्य फरक एक पायरी, म्हणजे एक घर, इकडे किंवा तिकडे. दोघांनी आठवडाभर प्लेटा केल्या. सगळं मर्यादेत बसलं. मी घरी पेढे नेले नाहीत एवढंच.

सोमवारी आमच्या वरिष्ठ मॅडमनी दोघांना बोलावलं. समोर दोघांच्या आकड्यांचा कागद. "काही दिसतंय का?" मला दिसत होतं ते एवढंच की सगळं पास आहे. मॅडमनी पेन्सिलीने खुणा केल्या. जी सीरम कमी ताकदीची, १:८, १:१६ वाली, त्यांत आमचे दोघांचे आकडे सारखे. जसजसं वर जावं, ५१२, १०२४, तिथे निम्म्याहून जास्त वेळा माझं टायटर एक पायरी वर. एकदाही खाली नाही. मर्यादेच्या आत, पण एकाच बाजूला. नाणं उडवावं आणि दरवेळी एक तर काटा नाहीतर बरोबरी, छापा कधीच नाही, तसं.

पहिला संशय अर्थातच माझ्या डोळ्यांवर. आम्ही प्लेटांची अदलाबदल केली, एकमेकांच्या रेघा मोजल्या. आकडे जुळले. जंतूंची भांडी एकच होती, कॉम्प्लिमेंट एकच. पिपेटचं कॅलिब्रेशन चालू तारखेचं. माझे पहिल्या आठवड्यातले पाण्याचे वजनसुद्धा बाहेर निघाले, तेही ठीक. दादा दोन दिवस माझ्याशी जरा जपूनच बोलत होते. मला रडू येईल अशी अवस्था होती, पण आमच्या लॅबमध्ये गाऊन, दोन हातमोजे आणि मास्क घालून रडायची सोय नाही.

मॅडमनी जंतू, सीरम सगळं बाजूला ठेवलं आणि दोघांना रंग दिला. साधा पिवळा, पाण्यात विरघळणारा. "हाच सीरम समजा. नेहमीसारखं डायल्यूशन करा." केलं. प्लेट रीडरमध्ये घालून प्रत्येक घरातला रंग मोजला. दादांचा आलेख पट्टीने आखल्यासारखा खाली येत होता. माझा पहिल्या दोन-तीन घरांत त्याच्यावरच होता, मग हळूहळू वर उचलला गेला होता. प्रत्येक पायरीला थोडासा रंग जास्त जात होता. दर पायरीला पाच टक्के जास्त म्हणजे काहीच नाही, पण आठ पायऱ्यांनंतर ते जवळजवळ दीडपट होतं. टायटर घरांनीच मोजायचं असल्यामुळे दीडपट फरक पुष्कळदा पुढच्या घरात उडी मारतो. आणि खालच्या टायटरला एक-दोन पायऱ्याच होत असल्याने तिथे तो दिसतच नाही.

मग मॅडम दोघांच्या मागे उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, परत करा. मी पहिल्या स्तंभात मिसळलं, वीस मायक्रोलिटर उचलून दुसऱ्यात सोडलं, मिसळलं, उचललं, तिसऱ्यात. दादांनी पहिल्या स्तंभात मिसळलं, उचललं, दुसऱ्यात सोडलं, आणि टक् करून पिपेटच्या टोकाला लावलेल्या आठही प्लास्टिकच्या टिपा टाकून नव्या लावल्या.

मी बघतच राहिले. मी टिपा बदलत नव्हते. टिपेच्या आत आणि बाहेर चिकटलेलं आधीच्या घरातलं कमी पातळ द्रव दर वेळी माझ्याबरोबर पुढच्या घरात चाललं होतं.

एसओपी काढली. वाक्य होतं: 'आठ वेळा मिसळून २० मायक्रोलिटर पुढील घरात न्यावे.' टिपेचा उल्लेख कुठेही नाही. दादा म्हणाले, "अगं, त्यात काय लिहायचं? ते तर कळतंच." त्यांना कळत होतं, दहा वर्षं. मला कळलं नव्हतं, कारण शिकताना आम्ही पाण्यावर सराव करायचो आणि सरावात टिपा वाया घालवू नका अशी ताकीद होती. मी एकाच संचाने अख्खी प्लेट करायचे, दादा शेजारी उभे असायचे, आणि सराव आहे म्हणून काही बोलायचे नाहीत. माझ्या हाताने सरावच पद्धत म्हणून उचलला.

चौकशीच्या अहवालाचा पहिला मसुदा माझ्यापर्यंत आला तेव्हा मूळ कारणाच्या रकान्यात 'ॲनालिस्टची चूक, पुनर्प्रशिक्षण' असं होतं. मी सही करायला तयार होते. खरं सांगायचं तर सुटका वाटली असती. तो कागद परत पाठवला क्यूएच्या त्याच ताईंनी. मला आणि दादांना समोर बसवून त्यांनी एसओपी पुढे सरकवली. "हिने कुठलं वाक्य मोडलं ते दाखवा." दादांनी पान उलटलं, परत उलटलं. "वाक्य मोडलेलं नसेल तर चूक हिची कशी? मग तुमची तरी कशी? तुम्ही जे करता ते इथे लिहिलेलं नाही. उद्या तुम्ही नोकरी सोडलीत तर ही पद्धत तुमच्याबरोबर घरी जाणार." दादांचा चेहरा पडला. मला त्यांच्यासाठी वाईट वाटलं. त्यांचा हात बरोबर होता, आणि तरी चौकशी त्यांच्या हाताची चालली होती. आमच्या धंद्यात 'लिहिलं नाही म्हणजे झालं नाही' हे सगळे घोकतात. इथे उलटं झालं होतं. जे दहा वर्षं होत होतं ते लिहिलेलंच नव्हतं, आणि स्पॉन्सर पैसे मोजतो ते लिहिलेल्याचे.

आकडे मर्यादेत होते. अहवाल तसाच गेला असता तर कोणी बोट ठेवलं नसतं. स्पॉन्सरबरोबरच्या कॉलवर पलीकडून हेच विचारलं गेलं, "पण निकषात बसतंय ना?" मॅडम म्हणाल्या, बसतंय. मग त्यांनी जे सांगितलं ते मला एकदम पटलं: नवी लस जुनीच्या तोडीची आहे का हे बघताना नव्या लशीचं सरासरी टायटर जुन्याच्या निम्म्याखाली जाऊ नये, अशी अट बऱ्याच अभ्यासांत असते. निम्मं म्हणजे एक पायरी. आम्ही ज्याला 'चालतंय' म्हणत होतो तेवढीच. कॉलवर थोडा वेळ कोणी बोललं नाही. मग तारखांची ओढाताण सुरू झाली.

एसओपीची नवी आवृत्ती निघाली. वाढलेलं वाक्य एवढंच: 'प्रत्येक पायरीनंतर सर्व टिपा बदलाव्यात.' त्या पाच शब्दांपूर्वीचं व्हॅलिडेशन बाद, सगळं पहिल्यापासून. तीन आठवडे. त्या एका चाललेल्या कॉम्प्लिमेंटच्या लॉटमधल्या बऱ्याच नळ्या त्यात खर्ची पडल्या, आणि पुढच्या कामाला पुरतील की नाही याची धास्ती स्टोअरपासून मॅडमपर्यंत सगळ्यांना लागली. पुरल्या, पण जेमतेम. दुसऱ्या खेपेला माझे आणि दादांचे आकडे शेजारी ठेवले तेव्हा माझे काही वर, काही खाली, बहुतेक बरोबर. मॅडमनी पेन्सिल उचललीच नाही.

काही महिन्यांनी ऑडिट झालं. ऑडिटरने आवृत्त्यांच्या इतिहासाचं पान उघडलं, त्या ओळीवर बोट ठेवून कारण विचारलं. ताईंनी चौकशीची फाईल दिली. तो बराच वेळ पिवळ्या रंगाचे ते दोन आलेख बघत बसला, काहीतरी टिपून घेतलं आणि डीप फ्रीजरच्या नोंदींकडे वळला.

आमची खरी उलटतपासणी घेतली ती स्टोअरच्या काकांनी. एका प्लेटमागे आता डायल्यूशनलाच ८ ऐवजी ७२ टिपा लागतात. महिन्याच्या शेवटी काका रजिस्टर घेऊन लॅबच्या दारात आले. आत यायची परवानगी नाही म्हणून काचेतूनच त्यांनी रिकामी खोकी दाखवली आणि फोन लावला. "ताई, टिपा खाता की काय तुम्ही लोक? खरेदीवाले लेखी कारण मागतायत."

मी एसओपीचं ते पान छापून, सही-तारीख घालून, त्यांना दाराखालून सरकवलं.